डीएनएवरून कालवांची जात ओळखणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात प्राणिशास्त्र शिकवताना आणि ओहोटी साधून विद्यार्थ्यांना किनाऱ्यावर नेताना हे प्रश्न सारखे येत राहतात. विचारणाऱ्यांत कॉलेजची मुलं असतात, त्यांचे पालक असतात, जामनगर-भरूचकडे नोकरीला गेलेली आपली मराठी मंडळीही असतात. प्रश्न त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बडोद्यात समुद्र नाही. मग इथे बसून कालवांचा अभ्यास कसा होणार?

आपली विश्वामित्री ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला. महीचं पाणीही तिथेच जातं. जंबुसरजवळच्या कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेव भरतीत पाण्याखाली जातो, हे बहुतेक बडोदेकरांनी पाहिलेलं असतं. तो आपला सगळ्यात जवळचा किनारा.

शिवाय हा विषय या शहराला नवा नाही. द्वारका-ओखा भागातलं ओखामंडळ बडोदा संस्थानात होतं. सयाजीराव महाराजांच्या काळात संस्थानाने सागरी जीवशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांच्याकडून तिथल्या सागरी प्राण्यांची पाहणी करवून घेतली. तिचा अहवाल दोन भागांत छापला गेला, १९०९ आणि १९१६ साली. त्या वेळी ओळख पटवायला हाती होता तो शिंपल्याचा आकार, बिजागरी, आतला डाग. आज त्याच किनाऱ्यावरचा मांसाचा छोटा तुकडा इथेनॉलच्या नळीत घालून बडोद्याच्या प्रयोगशाळेत आणता येतो. समुद्र दूर असल्याने फक्त नमुन्याची काळजी जास्त घ्यावी लागते (प्रश्न ८).

२. कालव, मोत्याचा शिंपला, खिडकीचा शिंपला, हे सगळं ऑयस्टरच ना?

इंग्रजी बोलण्यात तिघांनाही ऑयस्टर म्हणतात, पण त्यांची कुळं वेगळी आहेत. खडकाला सिमेंट लावल्यासारखं चिकटलेलं, कोयत्याने फोडून खाल्लं जाणारं कालव ऑस्ट्रेइडी कुळातलं. मोत्याचा शिंपला म्हणजे पिंक्टाडा. तो धाग्यांनी खडकाला धरून राहतो, त्याचा शिंपला चिकटत नाही. तिसरा प्लॅकुना प्लॅसेंटा, पातळ आणि अर्धपारदर्शक. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेच्या जागी तोच बसवलेला दिसतो. तो कालवांपेक्षा स्कॅलपच्या गटाला जवळचा आहे.

या पानावर ‘कालव’ म्हणजे पहिला गट. मोत्यांबद्दल प्रश्न १५ पाहा.

३. विश्वामित्रीच्या गाळात सापडणारे शिंपले कालवंच आहेत का?

नाहीत. ते गोड्या पाण्यातले शिंपले, बहुतेक वेळा लॅमेलिडेन्स. त्यांची दोन्ही झाकणं जवळपास सारखी असतात आणि ते गाळात मोकळे रुतून बसतात. कालवाचं डावं झाकण खोलगट असतं, त्याच बाजूने ते कायमचं चिकटतं. उजवं झाकण सपाट असतं.

जनुकांच्या दृष्टीनेही इथे एक भेद आहे. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या अनेक जातींत, तसंच काही समुद्री शिंपल्यांत, नर पिल्लांना आईबरोबरच बापाचाही माइटोकॉन्ड्रियल डीएनए (पेशीकेंद्राबाहेर, माइटोकॉन्ड्रिया या पेशीच्या भागात असलेला) मिळतो. एकाच नराच्या दोन ऊतींतून दोन वेगळे निकाल येऊ शकतात. कालवांत अशी दुहेरी पद्धत आढळलेली नाही, त्यामुळे त्यांचं वाचन त्या मानाने सरळ आहे.

४. माझे आजोबा रत्नागिरीचे. ते नुसतं बघून कालव ओळखायचे. मग डीएनए कशाला?

आजोबा जे ओळखायचे ते मोलाचं आहे. कुठलं कालव कुठल्या खडकावर, कधी भरलेलं, कधी रिकामं, हे ज्ञान कुठल्याही यंत्रातून निघत नाही. अडचण जातीच्या नावापाशी येते.

कालवाचा शिंपला जागेप्रमाणे वाढतो. सपाट खडक मिळाला तर पसरट, गाळात उभं राहावं लागलं तर लांबुळकं, दाटीत वाढलं तर वेडंवाकडं. एकाच आईची पिल्लं दोन जागी वाढली तर दोन जाती वाटतील. उलट दोन वेगळ्या जाती एकाच खडकावर एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसू शकतात.

काही खुणा उपयोगी आहेत, त्या शिकाच. कडेला करवतीसारख्या घड्या आणि झाकणाच्या आतल्या कडेला बारीक दाण्यांची रांग दिसली तर बहुधा सॅकोस्ट्रिया. कड साधी, आत दाणे नाहीत, तर क्रॅसोस्ट्रिया किंवा मॅगालाना. स्नायूच्या डागाचा रंगही पाहतात. म्हणजे प्रजातीपर्यंत (जीनस, जवळच्या जातींचा गट) डोळे नेतात. नेमकी जात ठरवायला बहुतेक वेळा डीएनएच लागतो. पिल्लं आणि अळ्या यांच्या बाबतीत तर डोळ्यांचा जवळपास उपयोगच नाही.

५. डीएनए बारकोडिंग म्हणजे नेमकं काय करतात?

सगळा जीनोम, म्हणजे जीवाचा संपूर्ण डीएनए, वाचत नाहीत. ठरावीक जनुकाचा ठरावीक तुकडा वाचतात आणि आधी नोंदलेल्या तुकड्यांशी ताडून पाहतात. प्राण्यांसाठी हा तुकडा माइटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा, सुमारे ६५० अक्षरांचा. पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ही कल्पना मांडली. त्यासाठी सर्रास वापरली जाणारी प्रायमरची (तुकड्याच्या दोन टोकांना चिकटून प्रत सुरू करणाऱ्या छोट्या डीएनए-तुकड्यांची) जोडी फोल्मर आणि सहकाऱ्यांनी १९९४ सालीच दिलेली होती.

काम असं चालतं. मांसातून डीएनए वेगळा करायचा. डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर यंत्रात तो सुमारे ९५ अंशांना तापवून उलगडायचा, ५० अंशांच्या आसपास प्रायमर चिकटू द्यायचे, ७२ अंशांना नवी प्रत बनू द्यायची. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात, म्हणजे ३० फेऱ्यांत कागदावर एकाच्या १०० कोटींवर. मग जेलच्या थरावर डीएनएची पट्टी दिसते का पाहायचं, दिसली तर तो तुकडा सिक्वेन्सिंगला, म्हणजे अक्षरक्रम वाचायला, द्यायचा. हाती येते ती ए, टी, जी, सी या अक्षरांची ओळ. ती जेनबँक किंवा बोल्ड या सार्वजनिक संग्रहांत शोधायची.

कालवांसाठी सीओआयच्या जोडीला १६एस हा दुसरा माइटोकॉन्ड्रियल तुकडाही वाचतात, आणि पेशीकेंद्रातला आयटीएस-२. केंद्रातला तुकडा का लागतो ते प्रश्न १२ मध्ये आहे.

६. गुजरातच्या किनाऱ्यावर कोणकोणत्या जाती आहेत? यादी मिळेल का?

जुन्या याद्यांत गुजरातसाठी क्रॅसोस्ट्रिया ग्रायफॉइडिस, क्रॅसोस्ट्रिया रिव्ह्युलॅरिस आणि सॅकोस्ट्रिया कुकुलाटा ही नावं येतात. कच्छच्या आखातात मोत्याचा शिंपला आणि खिडकीचा शिंपलाही आहे. पण यादी पाठ करण्याआधी यातली दोन नावं किती नाजूक आहेत ते समजून घ्या.

रिव्ह्युलॅरिस हे नाव आशियाभर अनेक वेगवेगळ्या कालवांना लावलं गेलं. चीनमध्ये या नावाखाली वाढवल्या जाणाऱ्या कालवांचा डीएनए पाहिला तेव्हा त्यांत आरियाकेन्सिस आणि हाँगकाँगेन्सिस या दोन वेगळ्या जाती निघाल्या. दुसऱ्या जातीला तर नावच २००३ साली मिळालं, पैदास मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. मग आपल्या किनाऱ्यावरचं ‘रिव्ह्युलॅरिस’ नेमकं कोण? याचं उत्तर जुन्या यादीतून मिळणार नाही, ताज्या मांसातून मिळेल.

कुकुलाटाचं तर आणखी गुंतागुंतीचं. हे नाव १७७८ साली अटलांटिकमधल्या असेन्शन बेटाच्या नमुन्यावरून दिलेलं आहे. हिंदी महासागर आणि पश्चिम पॅसिफिकमधल्या कुकुलाटांचा डीएनए लॅम आणि मॉर्टन यांनी २००६ साली तपासला, तेव्हा एका नावाखाली निदान सात वंशरेषा निघाल्या. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी आग्रहाने सांगतो की, आपल्या खडकावरचं काटेरी कडेचं कालव वहीत ‘सॅकोस्ट्रिया, जात अनिश्चित’ असं लिहा. अनिश्चित लिहिणं हे शास्त्रच आहे.

७. पुस्तकात क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस आहे, संगणकावर मॅगालाना बायलिनियाटा. खरं कुठलं?

एकाच कालवाची ही दोन नावं आहेत. आयटीएस-२च्या अभ्यासावरून आशिया-पॅसिफिककडच्या खोलगट कालवांसाठी मॅगालाना ही वेगळी प्रजाती सुचवली गेली. हा लेख २०१७ साली छापून आला. त्याच वर्षी कालवांवर काम करणाऱ्या अनेक नामवंतांनी मिळून लेखी विरोध नोंदवला. वाद पुरावा खोटा असल्याचा नव्हता. तेवढ्या पुराव्यावर शेती, व्यापार आणि रोगनियंत्रणात रुळलेलं नाव बदलावं का, हा होता. सागरी जीवांच्या जागतिक नोंदीत आता मॅगालाना आहे. तामिळनाडूतल्या तूतुकुडीला १९७० च्या दशकात कालवशेतीचं तंत्र बसवलं गेलं तेव्हाचं साहित्य साहजिकच जुन्या नावाचं आहे. परीक्षेत किंवा अहवालात नवं नाव लिहून कंसात जुनं द्या, शोधणाऱ्याला दोन्ही सापडतील.

८. नमुना कसा घ्यायचा? घरून काय घेऊन जाऊ?

झाकण बंद करणारा जो घट्ट स्नायू असतो, त्यातला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पुरतो. पोटाचा भाग घेऊ नका. तिथे कालवाने खाल्लेलं शेवाळ असतं, दुसऱ्याच जीवांचा डीएनए मिसळतो. ब्लेड प्रत्येक कालवानंतर पुसून ज्योतीवर धरा.

तुकडा ९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध इथेनॉलमध्ये टाका, तुकड्याच्या निदान पाच-दहा पट इथेनॉल हवं. मांसातलं पाणी उतरून इथेनॉल पातळ होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ते बदला. हात धुण्याचं सॅनिटायझर चालत नाही. फॉर्मलिन तर अजिबात नको. जुन्या संग्रहालयांतले सुंदर नमुने डीएनएसाठी निकामी होतात ते फॉर्मलिनमुळेच, त्यात डीएनए प्रथिनांशी जखडला जातो आणि तुटतो.

नळीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली कागदी चिठ्ठी टाका. बाहेर पेनने लिहिलेलं इथेनॉलचा एक थेंब सांडला की पुसलं जातं. चिठ्ठीवर फक्त क्रमांक लिहा, बाकी सगळं वहीत: तारीख, जीपीएस, खडक की गाळ की खारफुटीचं मूळ, भरतीरेषेपासून किती खाली, बरोबर कोण राहत होतं.

आता सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारी गोष्ट. दोन्ही झाकणं धुऊन, वाळवून, तोच क्रमांक घालून ठेवा. उकळू नका. आधी फोटो काढा, आतून आणि बाहेरून. मांसाचा तुकडा देऊन शिंपला फेकला की त्या निकालाची पडताळणी कायमची बंद होते. उद्या एका जातीच्या दोन झाल्या (प्रश्न ६ पाहिलंतच), तर शिंपला असलेला नमुना नव्या नावाखाली नीट बसवता येतो. नुसती अक्षरांची ओळ कुणाची होती हे कुणीच सांगू शकत नाही.

९. कुठेही जाऊन कालवं काढायला परवानगी आहे का?

नाही. कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ साली घोषित झालं. तिथून एक शिंपला उचलायलाही वनखात्याची परवानगी लागते, मेलेला असला तरी. खिडकीचा शिंपला वन्यजीव कायद्याच्या संरक्षित यादीत आहे, त्याला उद्यानाबाहेरही हात लावू नका. नमुना किंवा त्याचा डीएनए परदेशी पाठवायचा तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया पूर्ण करावी लागते. कॉलेजच्या प्रकल्पासाठी अर्ज प्राध्यापकांमार्फत, संस्थेच्या पत्रावर करा.

परवानगी असली तरी गरजेपुरतंच घ्या. कडेचा इवलासा तुकडा कापून कालव जिवंत ठेवता येतं का, हे आधी विचारात घ्या.

१०. पीसीआर केलं, जेलवर पट्टीच आली नाही. नमुना खराब होता का?

असेलच असं नाही. शिंपल्यांच्या मांसात चिकट शर्करायुक्त पदार्थ भरपूर असतात. ते डीएनएबरोबर उतरतात आणि पीसीआरचं एन्झाइम अडवतात. पहिला उपाय अगदी साधा: डीएनए दहापट, मग शंभरपट पातळ करून पुन्हा लावा. अडवणारा पदार्थ पातळ होतो आणि पट्टी उमटते. त्याने भागलं नाही तर सीटॅब पद्धतीने (हे रसायन चिकट शर्करा वेगळी काढायला मदत करतं) डीएनए पुन्हा काढा. तरीही नाही तर १६एसचे प्रायमर लावून पाहा. सीओआयचे सर्वसाधारण प्रायमर कालवांच्या काही जातींवर नीट बसत नाहीत.

नमुना नसलेली कोरी नळी प्रत्येक वेळी सोबत चालवा. त्या कोऱ्या नळीत पट्टी आली तर सगळी फेरी टाकून द्यावी लागते, कितीही जिवावर आलं तरी.

११. जेनबँकमध्ये ९८ टक्के जुळलं. जात नक्की झाली असं लिहू का?

लगेच नको. बऱ्याच प्राण्यांत एकाच जातीत दोन-तीन टक्क्यांच्या आत फरक असतो, हा अनुभवाचा आडाखा आहे, निसर्गाचा नियम नाही. जपानी कालव म्हणजे गिगास आणि पोर्तुगीज कालव म्हणजे अँग्युलाटा, यांच्या सीओआयमधला फरक नेमका या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास येतो, ती एकमेकांत सहज प्रजननही करतात. कुणी त्यांना दोन जाती मानतं, कुणी एका जातीच्या दोन उपजाती.

दुसरं, संग्रहातलं नाव ज्याने नोंदवलं त्याच्या ओळखीवर अवलंबून असतं. शिंपला पाहून चुकीचं नाव दिलं असेल तर चुकीचीच ओळ तुमच्याशी शंभर टक्के जुळेल. कालवांत हे वारंवार घडलं आहे. म्हणून पहिल्या निकालावर थांबू नका. वरच्या सगळ्या नोंदी काढा, त्या कुठल्या किनाऱ्याच्या आहेत, त्यांचा शिंपला जपलेला आहे का, हे पाहा. मग वंशवृक्ष काढून आपली ओळ कुठल्या गुच्छात बसते ते तपासा. टक्केवारीपेक्षा गुच्छ जास्त भरवशाचा.

१२. दोन जातींचा संकर झाला असेल तर कळतं का?

नुसत्या सीओआयवरून कळत नाही. माइटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून येतो, म्हणून संकरित पिल्लू हुबेहूब आईच्या जातीचं दिसतं. त्यासाठी पेशीकेंद्रातल्या खुणा पाहाव्या लागतात, तिथे आई-बाप दोघांची छाप असते.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हे प्रत्यक्ष घडलं. जपानहून नेलेल्या कुमामोटो कालवांच्या पैदाशीत गिगासची भेसळ शिरली होती. बाहेरून पत्ता लागत नव्हता. १९९० च्या दशकात जनुकीय तपासणी करून शुद्ध कुमामोटो निवडून काढली गेली आणि पैदास त्यांच्यापासून पुढे चालली. आपल्याकडे कालवशेती वाढवायची असेल तर बीज दुसऱ्या राज्यातून आणण्याआधी ही तपासणी व्हायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. एकदा पाण्यात सोडलेलं परत गोळा करता येत नाही.

शेतीत वापरतात ती तीन गुणसूत्रसंचांची, वंध्य कालवं मात्र बारकोडने ओळखू येत नाहीत. तिथे पेशीतला डीएनए किती आहे ते मोजतात.

१३. कालव न काढता, नुसत्या पाण्यावरून जात कळेल का?

पाण्यात दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे अळ्या. खोलगट कालवांची अळी दोन-तीन आठवडे वाहत असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या सारख्याच दिसतात. बारीक जाळीतून गाळून त्यांचा डीएनए वाचता येतो, आणि बीज कधी पडणार याचा अंदाज बांधता येतो. दुसरी गोष्ट म्हणजे पर्यावरणीय डीएनए, जीवांच्या चिकटद्रव्यातून, पेशींतून सुटलेला. लीटरभर पाणी गाळून तो मिळवतात.

आपल्या आखातात मात्र जपून. खंभातला भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरपर्यंत जातो, पाणी गढूळ आणि ओढ जबरदस्त. गाळणी मिनिटांत तुंबते, गाळातले पदार्थ पीसीआर अडवतात (उपाय प्रश्न १० मधलेच). शिवाय सापडलेला डीएनए इथल्या कालवाचा की ओहोटीबरोबर दुरून आलेला, जिवंताचा की मेलेल्याचा, हे कळत नाही. ‘कुठे शोधावं’ हे ठरवायला ही पद्धत उत्तम. ‘इथे आहे’ असं लिहायला प्रत्यक्ष कालव हवं.

१४. घरी जुना वाळलेला शिंपला आहे. आणि नर्मदेकडच्या दगडात कालवांचे जीवाश्म असतात, त्यांचा डीएनए निघेल का?

वाळलेल्या शिंपल्यातून निघू शकतो. हजारो वर्षांपूर्वीच्या समुद्री शिंपल्यांमधूनही डीएनए मिळाल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं गेलं. पण तो तुकड्या-तुकड्यांत असतो, प्राचीन डीएनएसाठीची वेगळी स्वच्छ प्रयोगशाळा लागते.

नर्मदेच्या खोऱ्यातल्या ‘बाघ’ नावाच्या खडकथरांमधली कालवं क्रिटेशियस काळातली, कोट्यवधी वर्षं जुनी. आजवर वाचलेला सगळ्यात जुना डीएनए ग्रीनलँडच्या मातीतला, सुमारे २० लाख वर्षांचा. दगडातल्या कालवांसाठी प्रश्न ४ मधल्या खुणाच कामाच्या.

१५. गायकवाडांच्या मोत्यांच्या चादरीतले मोती कुठल्या शिंपल्यातले, हे डीएनएवरून सांगता येईल?

तत्त्वतः हो. मोत्याच्या थरांमध्ये सेंद्रिय पदार्थ असतो आणि त्यात शिंपल्याचा डीएनए अडकलेला असतो. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१३ साली मोत्याला पाडलेल्या भोकातूनच किंचित भुकटी काढून पिंक्टाडाच्या तीन जाती वेगळ्या ओळखून दाखवल्या. मोत्याच्या बाहेरच्या रूपाला धक्का लागला नाही.

खंडेराव महाराजांनी १८६० च्या दशकात करवून घेतलेल्या चादरीतले मोती बसऱ्याचे, म्हणजे इराणी आखातातले मानले जातात. तिकडचा शिंपला पिंक्टाडा रेडिएटा, आपल्या कच्छकडचा पिंक्टाडा फ्युकाटा. पण हे दोघे इतके जवळचे आहेत की काही अभ्यासक त्यांना एकाच जातीत घालतात. त्यामुळे ‘बसरा की कच्छ’ हा निवाडा जातीच्या बारकोडने होणार नाही, दोन्ही आखातांतल्या शिंपल्यांचे भरपूर संदर्भ नमुने आणि जास्त बारीक खुणा लागतील. चादर स्वतः २००९ साली दोह्यात लिलावात विकली गेली. कच्छच्या शिंपल्यांचे संदर्भ नमुने जमवणं मात्र आपल्या हातात आहे.

१६. जात कळली म्हणजे कालव खायला सुरक्षित आहे हेही कळलं ना?

नाही, अजिबात नाही. कालव पाणी गाळून खातं, त्या पाण्यातले जिवाणू, विषाणू आणि जड धातू त्याच्यात साठतात. एकाच जातीचं कालव स्वच्छ खाडीत चांगलं आणि नाल्याच्या तोंडाशी घातक असतं. ती तपासणी वेगळी. कारखान्यांच्या किंवा सांडपाण्याच्या जवळचं कालव खाऊ नका, आणि कच्चं तर कुठलंच नको.

१७. एवढा खटाटोप करून नाव बदलतं. लोकांना उपयोग काय?

युरोपातलं पोर्तुगीज कालव तिथलंच मूळ रहिवासी समजलं जात होतं. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्याचा माइटोकॉन्ड्रियल डीएनए तैवानच्या कालवांशी जुळला. ते आशियातून जहाजांबरोबर गेलेलं निघालं. ‘स्थानिक’ म्हणून जपायचं कुणाला, हा प्रश्न तिथे एका रात्रीत बदलला. आपल्याकडेही बंदरं मोठी होत आहेत, जहाजांच्या तळाला चिकटून काय येतंय ते डोळ्यांनी कळणार नाही. आज इथे कोण आहे याची नोंद नसेल तर उद्या आलेला पाहुणा ओळखायचा कशावरून? बीज निवडणं, रोगाचा माग काढणं, मोडलेली कालवांची रांग पुन्हा बसवणं, सगळं जातीच्या नावापासून सुरू होतं.

१८. एकाच खडकावरून शेजारशेजारची दोन कालवं घेतली, निकाल वेगवेगळे आले. कुठे चुकलं?

कदाचित कुठेच नाही. सॅकोस्ट्रियाच्या दोन वंशरेषा एकाच खडकावर राहताना इतरत्र आढळल्या आहेत (प्रश्न ६). आधी चूक वगळा: कोरी नळी स्वच्छ होती का, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली का, तुकडा पोटाजवळचा होता का. मग दोन्ही कालवांच्या उरलेल्या मांसातून डीएनए नव्याने काढा, शक्य तर दुसऱ्या माणसाच्या हातून. सीओआयबरोबर आयटीएस-२ही वाचा. दोन्ही तुकड्यांत तोच फरक पुन्हा आला तर दोन्ही शिंपले समोर ठेवून कडेच्या घड्या, दाण्यांची रांग आणि स्नायूचा डाग मोजा, आणि पुढच्या ओहोटीला त्याच खडकावरून, परवानगीत बसतील तेवढी, आणखी कालवं घ्या. वरच्या पट्ट्यातली आणि खालच्या पट्ट्यातली वेगळी ठेवा. भरतीरेषेप्रमाणे दोघांनी जागा वाटून घेतली आहे का, हे त्यातून कळेल.